सात नंबरच्या घरातली दहा मुलं

१२ जानेवारी, रविवार

शाळेतून आज दोन कागद आले. एक पत्र आणि एक नकाशा. पत्र फार गोड आहे. इतकं गोड पत्र आलं की मी आधी शेवटची ओळ वाचते, कारण कडू गोष्ट तिथे ठेवलेली असते. तशीच निघाली. एप्रिलपासून मुलांची शाळा त्यांच्या घराच्या पत्त्यावरून ठरणार. नकाशावरच्या लाल रेघेच्या अलीकडचे इथेच राहणार, पलीकडचे विमानतळाच्या रस्त्यावरच्या नव्या शाखेत जाणार.

शाळा भरून वाहतेय हे खोटं नाही. नबीलाच्या नववीच्या वर्गात चोपन्न मुली आहेत. लायब्ररीत वर्ग भरतो, प्रयोगशाळेत वर्ग भरतो. दोघींच्या बाकावर तिघी बसतात आणि नबीला कडेला, अर्धी बाकावर आणि अर्धी हवेत. पण म्हणून माझ्या मुलीने दहावीच्या वर्षी पहाटे सव्वापाचची बस धरायची?

नकाशा मी चष्मा लावून पाहिला. रेघ मोठ्या रस्त्याने नाकासमोर सरळ येते. आमच्या गल्लीशी आली की पोट काढते, नेमकी आमची इमारत पोटात घेऊन पलीकडे टाकते आणि पुन्हा सरळ होते. समोरची इमारत शाबूत. समोरच्या इमारतीत अमिता राहते.

अमिता चिपळूणची. नवरा विनय क्रेनच्या कंपनीत. त्यांची अहिल्या नबीलाच्याच वर्गात आहे. वर्गात कधी ही पहिली तर कधी ती. आणि अमिता शाळेच्या पालक समितीवर आहे. रेघ मारली तेव्हा ती त्या खोलीत होती. आता एवढं कळायला शाळेत जावं लागत नाही.

संध्याकाळी रफीकला नकाशा दाखवला. चहा बशीत ओतता ओतता तो म्हणाला, "येवढ्या लांब एकटी पोरगी बसने जानार नाय. तसाच असला तर तुम्ही दोघी गावाला जा. दहावी म्हसळ्याला करू दे."

किती सहज म्हणाला. सोळा वर्षं आम्ही या दम्माममध्ये एका छपराखाली आहोत. माझ्या सासूने लग्नाची चाळीस वर्षं काढली, पण सासरे आखातात आणि ती गावात. सगळ्या सुट्ट्या जोडल्या तरी चार वर्षांचा संसार होत नाही. मला ते आयुष्य नको. गावाला गेलेली बाई परत येत नाही, हे मी आमच्या मोहल्ल्यात घरोघर पाहिलंय.

१४ जानेवारी, मंगळवार

सकाळी सगळे गेले की लिहायला बसते. डायरी तांदळाच्या डब्यामागे ठेवते. रफीक उर्दू शाळेत शिकला, त्याची भीती नाही. पण नबीलाला शाळेत हिंदी आहे. अक्षरं तीच.

आज अमिता तिळगूळ घेऊन आली. दरवर्षी येते. "तिळगूळ घ्या, गोड बोला, इस्मतभाभी." मी घेतला. रेघेबद्दल ती काही बोलते का याची वाट पाहिली. नाही बोलली. उलट जाता जाता दारात थांबून विचारलं, "तुमचे पत्त्याचे कागद नीट आहेत ना? एकदा बघून घ्या."

माझे कागद हिला कशाला हवेत?

मागच्या वेळी मी दिलेलं सांदण तिला आवडलं होतं. कृती मागितली. तोंडावर नाही कसं म्हणायचं? डायरीच्या शेवटचं एक पान फाडून लिहून दिली. ही रफीकच्या कंपनीची डायरी आहे, कोपऱ्यात जहाजाचं चित्र आणि कागद असा जाड की फाडताना जिवावर येतं. तिळगूळ मात्र चांगला होता, खुसखुशीत.

१७ जानेवारी, शुक्रवार

जुम्म्यानंतर खतीजा आली. रफीकच्या मामेभावाची बायको. ते लोक पार विमानतळाच्या बाजूला एका जुन्या व्हिलात राहतात. एका व्हिलात लाकडी आडभिंती घालून सहा फळ्या पाडल्यात आणि प्रत्येक फळीत एक कुटुंब. तिचा हाशिर नववीत आहे, लाइबा पहिलीत. नव्या फॉर्मला लावायला आमच्या लाइट बिलाची प्रत घेऊन गेली.

आमच्या लाइट बिलाला गावकऱ्यांत विरजणासारखी मागणी आहे. शाळेचा जुना नियम असा की याच वस्तीतल्या मुलांना आधी प्रवेश. आता गावची माणसं राहतात विमानतळाच्या बाजूला, कोणी कंपनीच्या आवारात, कोणी फळीत. कोणाच्या नावावर धड भाडेकरार नाही. मग ते रफीककडे येतात आणि रफीक आमचा पत्ता देतो. गावच्या माणसाला पत्ता नाही म्हणणं म्हणजे दारी आलेल्याला पाणी नाही म्हणणं. किती जणांना दिला ते मी कधी मोजलं नाही. दिलेलं मोजलं की बरकत जाते.

खतीजाला मी रेघेचं पोट दाखवलं. "सांग बघू, आमच्या इमारतीत शाळेची पोरं किती? वरच्या तमिळ बाईंची तीन आणि माझी एक. चार पोरांसाठी एवढी वाकडी रेघ?"

खतीजा म्हणाली, "कोनीतरी मुद्दामच केलान, भाभी."

मलाही तेच वाटतं.

२६ जानेवारी, रविवार

शाळेत झेंड्याला गेले होते. मैदानात उभं राहायला जागा नव्हती, पालक जिन्यात उभे. ऑफिसच्या खिडकीतून पाहिलं तर अमिता आणि ऑफिसातला हनीफ डोकं जोडून एका यादीवर बोलत होते. हनीफ हैदराबादचा, प्रवेशाचे कागद तोच सांभाळतो. मला बघून अमिताने यादी उलटी ठेवली.

खरी यादी असती तर उलटी कशाला ठेवली असती?

२ फेब्रुवारी, रविवार

दुसरं पत्र आलं. ज्यांच्या पत्त्यात काही चूक असेल त्यांनी तेरा तारखेपर्यंत खरा पत्ता लिहून द्यावा. काही विचारणार नाही, प्रवेशाला धक्का नाही. तेरानंतर चुकीचा पत्ता सापडला तर नाव कमी.

उंदराला बोलवायचं तर पिंजऱ्यात आधी भजं लावतात. मी लगेच खतीजाला फोन केला. म्हटलं, कोणी काही लिहून द्यायचं नाही, एकदा कागदावर कबूल केलं की गेलो. तिने सगळ्यांना कळवलं. दुपारपर्यंत चार जणींचे फोन आले. "भाभी, तुम्ही सांगितलंत ते बरं झालं." मलाही बरं वाटलं. एवढं शिक्षण झालंय त्याचा चार लोकांना उपयोग व्हावा.

नबीला जेवताना म्हणाली, "अम्मी, इट्स जस्ट अ फॉर्म." चौदा वर्षांच्या मुलीला सगळं जगच फॉर्मसारखं सोपं दिसतं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

अमिता पुन्हा आली. या खेपेला हातात काही नव्हतं.

"भाभी, तो पत्त्याचा फॉर्म भरलात?"

"आमचा पत्ता बरोबर आहे. आम्ही कशाला भरू?"

"तुमचा बरोबर आहे हो. पण..." चहाचा कप दोन्ही हातांत धरून बराच वेळ फिरवत राहिली. मग म्हणाली, "समितीतलं बाहेर बोलायचं नाही असं आमच्याकडून लिहून घेतलंय. एवढंच सांगते, तेरा तारखेनंतर माझ्या हातात काही राहणार नाही."

म्हणजे आत्ता तिच्या हातात आहे. स्वतःच्या तोंडाने कबूल केलं. मी बिस्किटांची बशी पुढे सरकवली आणि विषय बदलला. आपणही कच्च्या गुरूच्या चेल्या नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

अमिताच्या गॅलरीत खोके दिसतात. पाच मोजले. विनयची गाडी पंधरा दिवस खाली नाही. नबीलाला खोदून विचारलं. अहिल्याचे बाबा जेद्दाकडच्या त्या किंग अब्दुल्ला इकॉनॉमिक सिटीत गेलेत, म्हणे. बंदराचं मोठं काम निघालंय, दोन वर्षांचं.

घर तर कंपनीचं. माणूस गेला की कंपनी घर ठेवत नाही. मग खोके भरायचे, पण शाळेला सांगायचं नाही, पत्ता इथलाच दाखवायचा आणि अहिल्याची दहावी इथेच उरकायची. आणि अशी बाई मला विचारते, कागद नीट आहेत ना. चोराच्या उलट्या बोंबा.

१५ फेब्रुवारी, शनिवार

तेरा तारीख गेली. काही झालं नाही. मी म्हटलंच होतं.

आज एक काम केलं. चांगलं की वाईट ते नंतर कळेल. शाळेच्या फाटकाशी तक्रारपेटी आहे, नाव लिहायची गरज नाही असं तिच्यावरच लिहिलंय. डायरीच्या मागचं आणखी एक पान फाडलं. डाव्या हाताने, हिंदीत लिहिलं, म्हणजे अक्षर कळायचं नाही. आमच्या गल्लीत काही लोक खोट्या पत्त्यावर मुलं शिकवतात, घरोघर जाऊन तपासा, असं. फक्त समोरची इमारत लिहिली असती तर लगेच माझ्यावर संशय आला असता. म्हणून 'दोनों बिल्डिंग' लिहिलं. आमच्या इमारतीत येऊन काय सापडणार त्यांना? वरची तीन आणि माझी एक.

अमिताच्या मनात काळंबेरं नसेल तर तिने घाबरायचं कारण नाही. उद्या नबीलाचं दप्तर विसरल्याचं निमित्त काढून जाईन.

२० फेब्रुवारी, गुरुवार

लिहायला बसवत नाही, पण न लिहिता राहवतही नाही.

दुपारी साडेतीनला घंटी वाजली. दारात हनीफ, हातात यादी. बरोबर अमिता. घरात बायका एकट्या असतात म्हणून समितीची एक बाई बरोबर ठेवायची असा नियम आहे, असं तो म्हणाला. मी मनात म्हटलं, छान, चोरच कोतवालाबरोबर फिरतोय.

हनीफने दाराबाहेरच्या चपलांकडे पाहिलं. नबीलाचे बूट, माझ्या सपाता, रफीकच्या चपला.

"फ्लैट नंबर सात," तो म्हणाला. "दस बच्चे. किधर हैं आपा?"

मला हसू आलं. खरंच हसले. म्हटलं, भाई, इमारत चुकली. त्याने यादी पुढे केली. नबीला. हाशिर. लाइबा. नूरैन... एकेक नाव वाचत गेले आणि एकेका नावामागे लाइट बिलाची प्रत नेणारी बाई दिसत गेली. कोणी रमजानमध्ये आलेली, कोणी बाळंतपणानंतर आलेली, एकजण तर माझ्याच घरी चार दिवस राहिलेली. नऊ. अधिक माझी.

हनीफ बिचारा समजावत होता. "एकीच फ्लैट में दस, ऊपर तीन. तेरह बच्चे एक स्टॉप पे. आधी बस यहींच भर जाती. इसी वास्ते लाइन इधर से घुमाए."

म्हणजे ते पोट आमच्याच घराने काढलं होतं.

"तेरह तारीख तक बोल देते तो कुछ नहीं था आपा. सब का पता बदल जाता, लाइन सीधी हो जाती. अब एक चिट्ठी आई, दोनों बिल्डिंग चेक करो बोल के. नहीं तो हम घर-घर कायको फिरते?"

समोरच्या इमारतीत सगळं ठीक आहे का, एवढंच माझ्या तोंडून निघालं. तो म्हणाला, "सामने सब बराबर है."

मग त्याने सांगितलं ते असं. एकच मूल राहतं अशी सही केली तर रेघ सरळ होईल, नबीला इथेच राहील, बाकी नऊ जणांचं नाव कमी. दहा राहतात म्हणून सही करायची तर दहा दाखवा. मग रेघ आहे तशीच राहील आणि दहाही जण नव्या शाखेत.

अमिता म्हणाली, "हनीफभाई, ये बच्चों का ट्यूशन का टाइम है. अगले गुरुवार को आते हैं ना, चार बजे."

हनीफने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग चपलांकडे. "हौ," म्हणाला. "अगले जुमेरात."

मला आठवडाभर तव्यावर ठेवून तिला काय मिळणार, कळत नाही.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

जुम्म्यानंतर सगळ्या आल्या. माझ्या दिवाणखान्यात सहा बायका, कोणी बसलेल्या, कोणी उभ्या. खतीजा रडून रडून सुजली होती. "भाभी, माज्या हाशिरचा दहावीचा वर्ष हाय. आता नाव कापला तर कुठली शाळा घेईल? सगला तुमच्या सहीवर हाय." बाकीच्या माझ्या हाताकडे बघत होत्या.

पत्ता बदलू नका, असं त्यांना मीच सांगितलं होतं. एकीनेही ते काढून दाखवलं नाही. एखादीने भांडण केलं असतं तर मी भांडले असते.

मग चहाच्या वेळी खतीजा म्हणाली, "ही चुगली त्या समोरच्या अमिताचीच. समितीवर तीच ना? जिने चिठ्ठी टाकलीन तिच्या पोरीला शाला मिलू नये."

मी चहा गाळत होते. गाळणी वाकडी झाली, हात भाजला. आमीन कोणी म्हटलं नाही, पण खतीजाचं म्हणणं तसंच हवेत राहिलं. मला सांगता आलं असतं. मी भाजलेल्या हातावर पाणी सोडत उभी राहिले.

सगळ्या गेल्यावर रफीकला विचारलं, काय करू? चिठ्ठीचं त्याला सांगितलं नाही. तो म्हणाला, "पत्ता मी दिला, सही तुला करावी लागते. पन नऊ पोरांची बद्दुवा घेऊन आपली पोरगी दहावीला कशी बसेल?"

"आणि दहा लिहिले तर?"

"मग तुम्ही दोघी म्हसळ्याला. मी आधीच बोललोय. एकटीला बसने पाठवनार नाय."

जे व्हायला नको म्हणून मी दीड महिना जागरूक राहिले, ते आता माझ्याच सहीने व्हायचंय.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

एक लिहिलं तर नबीला इथे राहील, मी इथे राहीन, आणि खतीजा बाजारात समोर आली तर मला दुसऱ्या बाजूला जावं लागेल. चार दिवस हेच दळण दळतेय. नबीलाला विचारलं नाही. तिने आपणहून सांगितलं. "अम्मी, हाशिर को निकाल देंगे तो ही विल नेव्हर गेट इन एनीव्हेअर. मैं चली जाऊँगी. बस ही तो है." म्हसळ्याचं तिला माहीत नाही. बापाने तिच्यासमोर तो विषय काढलेला नाही.

खतीजाला फोन केला. म्हटलं, गुरुवारी तीनला सगळ्या पोरांना घेऊन या. घरातल्या कपड्यांत. दप्तरं आणा.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळपासून गाद्या काढल्या, उशा पसरल्या, बेसिनवर दहा ब्रश ठेवले. त्यातले नऊ नवे कोरे. नबीला म्हणाली, हे बघून तर कोणीही ओळखेल. मग नऊ ब्रश तिने साबणाच्या पाण्यात घासून घासून वाकडे केले. मुलगी माझ्यावर गेलीय.

तीनला पोरं यायला लागली. पावणेचारला माझ्या दोन खोल्यांत दहा मुलं होती. पलंगावर तीन, जमिनीवर चार, जेवणाच्या टेबलाशी दोन, नबीला खिडकीत. वही उघडायला कोपर बाजूच्याला लागत होतं. पंख्याची हवा पुरेना. नूरैन मला म्हणाली, "आंटी, इट्स लाइक आवर क्लास." दाराबाहेर बुटांची रांग जिन्यापर्यंत गेली. आयांना मी वरच्या तमिळ बाईंकडे पाठवून दिलं होतं. खतीजा तेवढी थांबली, मावशी म्हणून.

बरोब्बर चारला घंटी. हनीफ आणि अमिता.

हनीफने बूट पाहिले. आत येऊन बोटाने हवेत मोजलं. नावं विचारली. सगळ्यांनी पढवल्यासारखी सांगितली. हाशिरने तर पत्ताही म्हणून दाखवला, पोस्टाच्या नंबरासकट. हनीफ लिहायला बसला. मी मनात आयतुल कुर्सी म्हणत होते.

तेवढ्यात लाइबा उठली. सहा वर्षांची. माझ्या ओढणीला धरून मोठ्याने म्हणाली, "चाची, बाथरूम किधर है?"

हनीफचा पेन थांबला. खतीजाने डोळे मिटले. ज्या घरात राहते त्या घरातला बाथरूम माहीत नसलेली मुलगी. आता काय सांगू?

अमिता खुर्चीवरून उठली, लाइबाचा हात धरला. "वहाँ का दिवा बंद आहे ना, डर लगता है? चल, मी येते बरोबर." आणि घेऊन गेली. आमच्या बाथरूममध्ये दिवा चांगला लख्ख लागतो. हनीफला दारातून तो दिसतही होता.

तो यादीकडे बघत बसला. मग दहा लिहिले. माझी सही झाली. साक्षीदार म्हणून अमिताला करायची होती. ती परत आली, उभ्या उभ्याच केली, आणि सगळ्या मुलांवरून एकदा नजर फिरवून निघून गेली.

जिना उतरताना हनीफ म्हणाला, "आपा, अल्लाह घर में बरकत दे. बाथरूम एकीच है लेकिन." हसला नाही.

खतीजा मला मिठी मारून रडली. मग दाराकडे बघून म्हणाली, "आधी आग लावायची आनि मग पानी घेऊन यायचा." अमिताबद्दल म्हणाली. मी ऐकून गाद्या गुंडाळायला लागले. अमिताने हे का केलं? नबीला गेली तर अहिल्याचा पहिला नंबर पक्का, हे धरूनच केलं असेल. दुसरं काय कारण असणार? मी शोधतेय.

१ मार्च, शनिवार

पहिला रोजा. सहरीनंतर झोप लागली नाही.

दुपारी अमिता खजुरांचा डबा घेऊन आली. बसली नाही. म्हणाली, कंपनीचं घर मार्चअखेर जातंय. विनय तिकडे, आणि अहिल्याची दहावी होईपर्यंत ती इथे एकटी मुलीबरोबर राहणार. विमानतळाच्या बाजूला दोन खोल्या घेतल्यात. "फॉर्म मी पहिल्या आठवड्यातच भरला. अहिल्या नव्या शाखेतच आहे, भाभी. तुमच्या नबीलाची आणि तिची एकच बस असेल. अहिल्या तिसऱ्या स्टॉपवर चढेल."

मला काय वाटलं ते लिहिता येत नाही. लाज वाटली, एवढं लिहिते.

दारात तिने पर्समधून घडी घातलेला कागद काढला आणि माझ्या हातात दिला. "पेटी उघडायचं काम माझ्याकडे असतं. मी मुद्दा वाचून दाखवला, कागद फाईलला लावला नाही. तुमच्याजवळ असू दे." आणि गेली.

माझंच पान. डाव्या हाताचं अक्षर, कोपऱ्यात जहाज. सांदणाची कृती मी अशाच कागदावर लिहून दिली होती तिला. म्हणजे सही करायच्या आधीपासून तिला माहीत होतं. दोन्ही वेळा माझ्या घरात आली तेव्हा, लाइबाला बाथरूममध्ये नेलं तेव्हाही.

रफीकला संध्याकाळी बसचं सांगितलं. अहिल्या बरोबर आहे म्हटल्यावर त्याने डब्यातला आणखी एक खजूर उचलला. मग म्हणाला, "दोघी हायत, तर जाऊ दे." म्हसळ्याचं नाव काढलं नाही.

पान खळीने डायरीत जिथलं तिथे चिकटवलंय. सुकल्यावर ते जरा फुगलं, डायरी आता नीट मिटत नाही.

३१ मार्च, सोमवार

ईदचा दुसरा दिवस. गावच्या सगळ्या घरी आल्या होत्या. शीरखुर्मा वाढत होते. खतीजाला नव्या शाखेचं फार कौतुक. तिच्या घरापासून पाच मिनिटं. नऊच्या नऊ जणांना शाळा जवळ आली, माझ्या एकटीला लांब गेली. ती म्हणाली, "त्या अमिताने वाईट करायला गेलान आनि अल्लाने चांगला केलान."

मी वाटी खाली ठेवली. तांदळाच्या डब्यामागून डायरी आणली. खतीजाला देवनागरी वाचता येत नाही, म्हणून ते पान मीच वाचून दाखवलं, पहिल्या अक्षरापासून 'दोनों बिल्डिंग' पर्यंत. म्हटलं, हे मी लिहिलं. अमिताने ही चिठ्ठी लपवली, म्हणून मी आज तुमच्यात बसलेय.

खतीजाने अर्धी वाटी तशीच ठेवली, लाइबाला उठवलं आणि अबाया घातला. बाकीच्याही हळूहळू उठल्या. शीरखुर्मा खूप उरला.

६ एप्रिल, रविवार

सव्वापाचला बस आली. खाली बकाल्याच्या किराणा दुकानाचं शटरही उघडलं नव्हतं. रफीक आणि मी दोघंही स्टॉपपर्यंत गेलो. नबीलाने आतून हात केला नाही. लाजते.

दुपारी घरी आली ती बूट काढता काढताच सांगायला लागली. वर्गात एकतीस मुली. "अम्मी, आय गॉट अ होल बेंच. म्हणजे मी और अहिल्या. दो जनी, बस." दोन्ही हात पसरून तिने बाकाची लांबी दाखवली.

एकतीसच का, हे मी तिला विचारणार होते. एवढ्या कमी मुली, काहीतरी असणार. नाही विचारलं.

खतीजाचा फोन आठवडाभर नाही. तो येईल की नाही, माहीत नाही. मीच अमिताला लावला. नव्या घराचं पाणी कसं आहे, विनयभाऊंचं काय, असं बोलून झालं. मग सरळ विचारलं. सोळा वर्षांत मी कोणाला इतकं सरळ विचारलं नसेल.

"अमिता, तुला सगळं माहीत होतं. मग त्या दिवशी साक्षीदाराची सही का केलीस?"

फोनवर तिच्या मागे कुकरची शिटी झाली.

"दहा मुलं होती की घरात," ती म्हणाली. "मी मोजली."